‘प्युअर शिफॉन’ म्हणजे सिल्कच असतं का?

आगाशीहून तुमच्यासाठी नवीन एपिसोड. लग्नसराई जवळ आली, की आपल्याकडे अर्धी खरेदी विरारला आणि अर्धी दादरला. दुकानदार साडी उलगडतो आणि म्हणतो, “ताई, प्युअर शिफॉन आहे.” हाताला मऊ लागतं, आपण पैसे मोजतो. पण जरा थांबा. त्या दोन शब्दांत धागा कोणता, हे कुठे आलं?

शिफॉन हे धाग्याचं नाव नाही, कापडाच्या प्रकाराचं आहे. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ चक्क चिंधी! सुरुवातीला शिफॉन रेशमाचंच असायचं. विसाव्या शतकात नायलॉनचं आलं, मग पॉलिएस्टरचं. आज व्हिस्कोसचंही मिळतं. नाव तेच, किंमत मात्र कितीतरी वेगळी.

बनतं कसं? अगदी बारीक धाग्याला जबरदस्त पीळ देतात, एकाला उजवीकडे, शेजारच्याला डावीकडे. मग साधी उभी-आडवी वीण. धुतल्यावर ते पीळ सुटायला बघतात आणि कापड किंचित आखडतं. म्हणून शिफॉन आरपार दिसतं, तरी बोट फिरवलं की बारीक खरखर जाणवते. सिल्क शिफॉन चौरस मीटरला साधारण ३० ग्रॅम, म्हणजे अख्खी साडी २०० ग्रॅमच्या आसपास!

शिफॉनच्या साडीला आपल्याकडे मान मिळवून दिला तो एका मराठी राजकन्येने. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिराराजे. १९१३ मध्ये लग्न होऊन त्या कूचबिहारला गेल्या, १९२२ मध्ये तरुणपणीच विधवा झाल्या. त्यांनी फ्रान्समधून शिफॉनच्या साड्या करवून घेतल्या आणि संस्थानी घराण्यांत ती फॅशनच झाली. त्यांची मुलगी, जयपूरच्या गायत्रीदेवी, शिफॉनसाठीच ओळखल्या गेल्या.

आता कामाचं. ओळखायचं कसं? साडीच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढा. दोन्ही काढा, कारण मिश्र कापडात ते वेगळे असू शकतात. चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. केस जळल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख, तर रेशीम. कागदासारखा वास, तर व्हिस्कोस. वितळून कडक मणी झाला, तर पॉलिएस्टर. दुकानात हे करता येत नाही. तिथे ‘सिल्क मार्क’चं लेबल बघा, ते केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालंय. आणि बिलावर ‘सिल्क’ हा शब्द लिहून मागा. दुकानदार का-कू करायला लागला, तर उत्तर मिळालंच!

म्हणजे पॉलिएस्टर वाईट का? अजिबात नाही. रोज ट्रेनने जाणाऱ्याला तेच बरं. धुवा, झटका, वाळलं. आणखी एक गोष्ट. आपल्या आगाशीत जैन देरासर आहे, अनेकजण रेशीम वापरतच नाहीत, कारण अखंड धाग्यासाठी कोष आतल्या किड्यासकट उकळतात. किडा बाहेर पडू दिला, तर धागा तुटतो आणि असं पारदर्शक शिफॉन होणं अवघड. त्यांच्यासाठी व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टर हा सरळ पर्याय आहे. मे महिन्याच्या घामात मात्र फरक कळतो. रेशीम घाम टिपतं, पॉलिएस्टर अंगाला चिकटतं.

सिल्क शिफॉन घेतलंच, तर साडी, ओढणी, स्कार्फ किंवा घेरदार झगा शिवा. घट्ट ब्लाउज नको, शिवणीवर उसवतं. टेलरला सांगा, सुई बारीक लाव, कापताना खाली पातळ कागद ठेव. पिन लावताना मागे मणी घाला, म्हणजे भोक पडत नाही. परफ्यूम साडी नेसण्याआधी मारा. घरी धुवायचं असेल, तर थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. ब्लीच तर नकोच, रेशीम त्यात विरघळतं. आणि आपली ही खारी, दमट हवा! प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, जुन्या मलमलीत गुंडाळा आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत वारा द्या.

थोडक्यात काय, पॉलिएस्टर घ्या, नाहीतर सिल्क घ्या. फक्त पॉलिएस्टरसाठी सिल्कचे पैसे देऊ नका. खरेदीला निघालेल्या मैत्रिणीला हा एपिसोड पाठवा. भेटूया पुढच्या वेळी!