काठीच्या टोकावरचे चामडे



आज ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे ती सदऱ्याच्या बटणाएवढी आहे. चामड्याची असते, काठीच्या टोकाला डकवलेली असते, आणि तिची किंमत शंभर रुपयांपासून दोन हजारांपर्यंत काहीही असू शकते. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चामड्याला दोन हजार? तेवढ्यात पायताणाचा चांगला जोड येईल! मीही हेच म्हणालो होतो. पण ज्याने मला हा प्रश्न विचारला त्याला त्यात थट्टा वाटत नव्हती.

तो माझा विद्यार्थी. वडील गावात दूध घालतात. मुलगा शिकण्यासाठी तालुक्याला राहतो आणि संध्याकाळी तिथल्या एका पूल पार्लरमध्ये काम करतो. टेबले झाडायची, चेंडू मांडून द्यायचे, हिशेब लिहायचा. रात्री गिऱ्हाईक गेले की मालक त्याला तासभर खेळू देतो. खेळता खेळता पोराचा हात बरा बसला. पावसाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला,

“सर, अठराशे रुपये साठवलेत. जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचंय. पण पार्लरमधले एकजण म्हणतात, आधी क्यूला जपानी टिप लाव, मग चेंडू तुझं ऐकायला लागेल. टिप घेतली तर प्रवेश फी आणि एस. टी.चं भाडं उरत नाही. काय करू?”

खरे सांगायचे तर या प्रश्नाने मला माझीच पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. ती शेवटी सांगतो. आधी हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द.

पूल म्हणजे कॅरमची थोरली बहीण समजा. कॅरमच्या फळीऐवजी भलेमोठे टेबल. वर हिरवे किंवा निळे कापड, आणि चांगल्या टेबलात कापडाखाली दगडाची फरशी. हा दगड म्हणजे पूर्वी शाळेत आपण ज्या पाटीवर लिहीत होतो त्याच जातीचा. टेबलाला सहा भोके. चार कोपऱ्यांना, दोन लांब बाजूंच्या मधोमध. सोंगट्यांच्या जागी पंधरा रंगीत चेंडू, आणि स्ट्रायकरच्या जागी एक पांढरा चेंडू. त्याला बोटाने नव्हे, काठीने मारायचे. या काठीला क्यू म्हणतात आणि तिच्या टोकावरच्या चामड्याच्या चकतीला टिप. बिलियर्ड्ज आणि स्नूकर ही याच घराण्यातली भावंडे. त्यांतला स्नूकर तर आपल्या देशातच जन्मला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत.

आता ही टिप आली कुठून? फार पूर्वी क्यूचे टोक नुसत्या लाकडाचे असे. लाकूड गुळगुळीत, चेंडूही गुळगुळीत. त्यामुळे चेंडूला मध्यापासून थोडे बाजूला मारायला जावे तर टोक सटकन घसरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मँगो नावाच्या एका फ्रेंच कप्तानाने टोकाला चामडे लावण्याची युक्ती प्रचारात आणली. ती त्याला तुरुंगात असताना सुचली असे सांगतात. चामड्याने चेंडू पकडला आणि खेळच बदलून गेला. पांढरा चेंडू दुसऱ्यावर आपटून मागे येऊ लागला, कडेला लागून वाकडा वळू लागला. ज्यांनी हे प्रथम पाहिले असेल त्यांना जादूच वाटली असणार.

परंतु यात जादू नाही. चिखलात रुतलेले गाडीचे चाक फिरवायचे असेल तर आपण आसाला रेटा देत नाही, चाकाच्या कडेला हात घालतो. तसेच चेंडूचे. मधोमध मारला तर तो नुसता पुढे जाईल. मध्यापासून बाजूला, वर किंवा खाली मारला तर पुढे जाता जाता स्वतःभोवती फिरेल. या फिरण्याचे गणित कोरिऑलिस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ साली एका अख्ख्या पुस्तकात मांडले. भूगोल शिकवणाऱ्या गुरुजींना हे नाव ओळखीचे असेल. विषुववृत्त ओलांडल्यावर वारे उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून आपल्याकडे पाऊस घेऊन येतात, त्या वळण्याला ज्याचे नाव दिले आहे तोच हा कोरिऑलिस!

टिप चेंडूला चिकटून किती वेळ राहते? सेकंदाचे हजार भाग करा. त्यांतला एखाददुसरा भाग. तेवढ्यात तिला एकच काम करायचे असते: न घसरणे. घसरली नाही, तर चेंडू किती फिरेल हे मुख्यतः तुम्ही मध्यापासून किती बाजूला मारले यावर ठरते. टिप मऊ की कठीण, स्वस्त की महाग, यावर फारसे नाही. आणि बाजूला मारण्यालाही मर्यादा आहे. चेंडूच्या त्रिज्येच्या निम्म्याच्या पलीकडे गेलात तर कसलीही टिप घसरणारच. म्हणजे मारायला जागा मिळते ती साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी. कितीही पैसे टाका, हे नाणे मोठे होत नाही.

न घसरण्यासाठी टिपेला खडू लावतात. हा आपल्या फळ्याचा खडू नव्हे बरे का! स्पिंक्स नावाचा अमेरिकन खेळाडू आणि हॉस्किन्स नावाचा रसायनज्ञ या दोघांनी १८९७ साली याचे पेटंट घेतले. त्यात वाळूच्या जातीची खरखरीत पूड असते. कॅरमच्या पावडरीचे काम फळी निसरडी करण्याचे. याचे काम नेमके उलटे. हा खडू फार तर काही दहा रुपयांचा, पण दर फटक्याआधी तो नीट लावणे ही निम्मी कला आहे.

मग महाग टिपेत असते तरी काय? साधी टिप कातड्याच्या एका जाड तुकड्यातून कापून काढतात. आता कातडे सगळीकडे सारखे नसते. आमच्या गावच्या चपला करणाऱ्या कारागिराला विचारा. तो सांगेल, पाठीचे कातडे घट्ट, पोटाचे सैल. म्हणून एकाच डबीतल्या दोन टिपा एकसारख्या निघतील याचा भरवसा नाही. एक दगडासारखी, तर दुसरी खेळता खेळता कडेने पसरून अळंबीसारखी होणारी. जपानी कारागिरांनी यावर उपाय केला. पातळ कातड्याचे, बहुधा डुकराच्या, सात-आठ थर एकावर एक चिकटवायचे आणि त्याची टिप करायची. एक थर थोडा सैल निघाला तरी बाकीचे सांभाळून घेतात. आकार पुष्कळ दिवस टिकतो, आणि एक टिप झिजली तर दुसरी तशीच मिळण्याची शक्यता बरीच असते. क्वचित थर सुटतात, हा दोषही आहे. तेव्हा तुम्ही पैसे मोजता ते सारखेपणासाठी. कौशल्य त्या डबीत नसते.

गंमत अशी, की हाच सारखेपणा काही जुने खेळाडू घरच्या घरी साधतात. साधी टिप रात्रभर दुधात भिजवायची, वाळवायची आणि सुताराच्या व्हाइसमध्ये घट्ट दाबून ठेवायची. ती आवळली जाते आणि पसरत नाही. मी त्या मुलाला म्हटले, “तुझ्या घरी दुधाला काय तोटा?” तो हसला, पण त्याचे समाधान झाले नाही.

म्हणून आम्ही एक प्रयोग केला. पार्लरच्या मालकाकडे एकाच घडणीच्या दोन काठ्या होत्या. एकीला साधी टिप, दुसरीला थरांची, गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून लावलेली. दोन्ही टिपा सारख्या गोल घासल्या, कडेने काळी चिकटपट्टी गुंडाळली, वर सारखा खडू लावला. ओळखू येईना कोणती कोणती. मग मालकाने नाणे उडवून, छापा आला तर ही, काटा आला तर ती, अशी काठी मुलाच्या हाती द्यायची. मुलाने एकच फटका मारायचा, पांढरा चेंडू मागे आणण्याचा. मी अंतर मोजायचे आणि मुलाने सांगायचे, टिप कोणती होती.

असे वीस फटके झाले. मुलाने अकरा वेळा बरोबर ओळखले. नुसते नाणे उडवून उत्तर दिले असते तरी दहाएक बरोबर आलीच असती! चेंडू मागे येण्याचे अंतर म्हणाल, तर एकाच काठीच्या दोन फटक्यांत वीतभर फरक पडत होता आणि दोन काठ्यांच्या सरासरीत चार बोटांचाही नव्हता. म्हणजे टिपेटिपेतल्या फरकापेक्षा हातातला फरक मोठा. वीस फटक्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे. पण अठराशे रुपयांच्या निर्णयाला ते पुरेसे होते.

मग मी म्हटले, “आता तुझी स्वतःची काठी दाखव.” पाहतो तो टिप सपाट झालेली आणि घासून घासून आरशासारखी चकचकीत. तिच्यावर खडू टिकणार कसा? नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण नाचणाऱ्याला हसण्यासाठी वापरतो. परंतु अंगणही कधी कधी खरेच वाकडे असते. या मुलाचे थोडेसे होतेच. मात्र ते सरळ करायला जपानला जायची गरज नव्हती. पॉलिश पेपरचा तुकडा आणला, टिप रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी गोल केली, वरून थोडी खरखरीत केली. उरलेल्या पैशांतून प्रवेश फी भरली.

तर महाग टिप घेऊच नये का? तसे मी म्हणणार नाही. जो रोज चार-पाच तास खेळतो, ज्याचा हात इतका बसला आहे की त्याच्या दोन फटक्यांत बोटभरही फरक पडत नाही, त्याला टिपेतला बोटभर फरक कळतो आणि नडतोही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी टिप झिजली तर नवी जुन्यासारखीच वागली पाहिजे, ही त्याची खरी गरज आहे. त्याने दोन हजार जरूर द्यावेत. ते वाया जात नाहीत. पण आधी हात, मग टिप, हा क्रम उलटा करता येत नाही. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्याला बिलियर्ड्जचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवले, तेव्हा आजच्या या थरांच्या जपानी टिपा बाजारात नव्हत्या.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हा प्रश्न आपल्या वर्गातही रोज येतो. अमुक पेन असते तर अक्षर सुधारले असते, अमुक बॅट असती तर धावा निघाल्या असत्या. अशा मुलाला “तुझीच चूक” म्हणून गप्प करू नका, आणि लगेच वस्तूही घेऊन देऊ नका. दोन पेने हातात द्या, एकच ओळ दहा वेळा लिहायला सांगा आणि त्याचे त्यालाच तपासू द्या. अंगण वाकडे आहे की पाय, हे त्याने स्वतः मोजून पाहिलेले बरे.

आता माझी गोष्ट. महाविद्यालयात असताना जिमखान्याच्या अंतिम सामन्यात मी हरलो आणि सगळ्यांना सांगत सुटलो, टिप खराब होती म्हणून हरलो. पुढच्या वर्षी खाणावळीचे पैसे मोडून महागातली टिप आणली, महिनाभर एक वेळ जेवलो आणि पुन्हा हरलो. तेव्हा सांगायला कारणच उरले नाही, म्हणून खेळ सोडला. आज वाटते, टिपेवर घातलेले पैसे फुकट गेले याचे दुःख थोडे. तिला दोष देण्यात जे वर्ष गेले त्याचे अधिक.

तो मुलगा जिल्ह्याला गेला, दोन सामने जिंकला, तिसरा हरला. परत आल्यावर भेटायला आला. मी मुद्दामच काही विचारले नाही. तोच म्हणाला, “सर, शेवटचा काळा चेंडू राहिला होता. सोपा होता. मीच घाई केली.”

टिपेचे त्याने नावसुद्धा काढले नाही. तेवढ्यावरून मला वाटते, हा मुलगा पुढच्या वर्षी जिंकेल. आणि पुढेमागे त्याने दोन हजारांची टिप घेतलीच, तर त्या वेळी ती त्याला महाग पडणार नाही.