चार पिणारे आणि एक शुद्धीवरचा



पत्रिकेवर थॉमस मिचेल हे नाव वाचून ‘हा कोण बुवा?’ असं पुष्कळांच्या मनात आलं असेल. ‘गॉन विथ द विंड’मध्ये स्कार्लेटला जमिनीचं मोल सांगणारा तिचा आयरिश बाप आठवतो? तो मिचेल. ‘स्टेजकोच’मधला पिणारा डॉक्टर? तोही मिचेलच. दोन्ही चित्रपट १९३९चे. त्याच वर्षी ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मध्ये तो वार्ताहर झाला, ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’मध्ये नजर अधू होत चाललेला वैमानिक आणि ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’मध्ये पॅरिसच्या भिकाऱ्यांचा राजा. एका वर्षात पाच चित्रपट, आणि त्यांतले तीन सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करच्या यादीत. नायकाला हे परवडत नाही, त्याला चित्रपटभर उभं राहावं लागतं. मिचेलसारख्याचं काम थोडक्यात उरकायचं, की गडी पुढच्या स्टुडिओच्या दारात.

जन्म १८९२चा, न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावचा. आईवडील आयर्लंडहून आलेले, घरात वर्तमानपत्राचा धंदा. त्यानंही आधी बातमीदारी केली, मग रंगभूमीवर आला, नाटकं लिहिली. हॉलिवूडमध्ये रुजला तो चाळिशी ओलांडल्यावर. ठेंगणा, भरल्या अंगाचा, कुरळ्या केसांचा माणूस. या देहयष्टीला प्रेमिकाचं काम कोण देणार? त्याला मिळाल्या बाटल्या.

खरंच सांगतो, या नटाच्या गाजलेल्या भूमिका काढून बघा, हातात पेला आहेच. आणि माझं म्हणणं एवढंच आहे, की त्यानं दारुड्या एकदाही रंगवला नाही. त्यानं दर वेळी वेगळी कमजोरी रंगवली. पेला फक्त पटकथेनं हातात दिला होता.

१९३७च्या जॉन फोर्डच्या ‘द हरिकेन’मध्ये तो दक्षिण समुद्रातल्या एका फ्रेंच वसाहतीतला डॉक्टर आहे. अन्याय डोळ्यांसमोर घडतो, याला तो कळतो, बोलून दाखवायची धमकही आहे, पण थांबवायची सत्ता नाही. या कामासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. दोन वर्षांनी पुन्हा फोर्ड, पुन्हा डॉक्टर आणि पुन्हा दारू. दुसरा कुणी असता तर जुनाच अंगरखा झटकून घातला असता. पण ‘स्टेजकोच’चा डॉक बून निराळाच. गावातल्या प्रतिष्ठित बायकांनी त्याला हाकललंय, आणि हा जणू सत्काराला निघाल्यासारखा ऐटीत घोडागाडीत चढतो. शेजारी बसलेला भित्रा माणूस व्हिस्कीचा फिरता विक्रेता आहे, हे कळल्यावर त्याच्या पेटीशी बूनचं जे सख्य जुळतं, ते पाहण्यासारखं आहे.

मग वाटेतल्या ठाण्यावर एका बाईला कळा सुरू होतात. आसपास दुसरा डॉक्टर नाही आणि हा तर टाइट. तो कॉफी मागतो. काळी कॉफी, आणखी कॉफी. इथं मिचेल काय करतो पाहा. एका क्षणात शुद्धीवर येऊन धीरोदात्त होण्याचा मोह त्याला होत नाही. तो घाबरलेला दिसतो. आपल्या हातांवर आपला भरवसा उरला नाही, हे त्या चेहऱ्यावर आधी उमटतं आणि मग तो उठतो. बाळ सुखरूप जन्मतं. पुढं लॉर्ड्‌सबर्गच्या गुत्त्यात तो एका गुंडाच्या हातून बंदूक काढून घेतो आणि गुंड बाहेर पडताच, असलं काही मला पुन्हा करू देऊ नका, अशा अर्थाचं बोलून घोट घेतो. शौर्य गाजवून झाल्यावर पाय लटपटणारे असे शूर मी तरी फार पाहिले नाहीत. चित्रपटाच्या शेवटी मार्शल त्याला पेयाचं निमंत्रण देतो, आणि बून म्हणतो, एकच! गडकऱ्यांच्या महाराष्ट्राला यापुढचं सांगायला नको. याच भूमिकेनं त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर दिलं.

‘मिस्टर स्मिथ’मधला डिझ मूर हा त्यातला सुखी जीव. बातमीदार पितो कसा आणि पीत असताना कान कुठं ठेवतो, हे मिचेलला मुद्दाम शिकावं लागलं नसणार.

चौथा अंकल बिली, ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मधला, १९४६चा. विसरू नये म्हणून बोटांना दोरे बांधणारा. बँकेत आठ हजार डॉलर भरायला जातो, समोर पॉटर नावाचा गावचा सावकार भेटतो. पुतण्याला शौर्यपदक मिळाल्याची बातमी छापून आलेली. ती दाखवून सावकाराला खिजवावं, ही हौस. त्या भरात पैशाचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं जातं आणि वर्तमानपत्र पॉटरच्या मांडीवर. तिथं दारूचा काही संबंध नाही, संबंध अभिमानाचा. मिचेलनं तो क्षण इतक्या आनंदात केलाय, की पैसे गेल्याचं आपल्याला त्याच्या आधी कळतं आणि त्याला हाक मारावीशी वाटते. पुढं घरी बसून तो रडतो तेव्हा पाळलेली खार त्याच्या हातावर चढते. कुठल्याही नटाचा प्रसंग प्राण्यानं खाल्ला असता. मिचेल तिच्याकडे लक्षच देत नाही, त्यामुळं खारही खरी वाटते.

रंगभूमी त्यानं सोडली नाही. १९५३मध्ये ‘हेझल फ्लॅग’साठी टोनी मिळालं, एमी त्याच वर्षी आलेलं होतं. ऑस्कर, एमी, टोनी तिन्ही मिळवणारा तो पहिला पुरुष. पीटर फॉकनं टीव्हीवर गाजवलेला गुप्तहेर लेफ्टनंट कोलंबो फॉकच्या आधी मिचेलनं केला, १९६२मध्ये ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’ या नाटकात. मुख्य भूमिका खुनी डॉक्टरची, जोसेफ कॉटनकडे. त्याच वर्षी डिसेंबरात मिचेल गेला.

आता पाचवा, ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगितलं. ‘हाय नून’, १९५२. गुंड बाराच्या गाडीनं येणार आहे. मार्शल केन, म्हणजे गॅरी कूपर, माणसं मागायला रविवारी चर्चमध्ये येतो. वादावादी होते. गावचा प्रमुख हेंडरसन उठतो. हा मिचेल, आणि हा पूर्ण शुद्धीवर आहे. आधी मुलांना बाहेर खेळायला पाठवतो. मग केनची स्तुती सुरू होते: असा मार्शल आम्हाला दुसरा मिळाला नाही, गावावर त्याचे उपकार आहेत. आवाजात इतका जिव्हाळा, की आता दहा-वीस माणसं उठणार याची खात्रीच पटते. मग त्याच आवाजात, त्याच जिव्हाळ्यानं तो उत्तरेकडच्या भांडवलाकडे वळतो. दुकानं येतील, कारखाना येईल. रस्त्यात गोळ्या झाडल्याची बातमी तिकडं गेली तर गाव मागं पडेल. म्हणून केननं निघून जावं हे बरं. त्याच्यासाठी बरं, आमच्यासाठी बरं.

आधीच्या चौघांना आपली कमजोरी ठाऊक होती. या पाचव्याला ती व्यवहारज्ञान वाटते, आणि मिचेल त्याची थट्टा करत नाही, त्याला खलनायकही करत नाही. पटकथाकार कार्ल फोरमनवर त्या काळात हॉलिवूडच्या काळ्या यादीचं, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम बंद होण्याचं, सावट होतं, हे लक्षात घेतलं तर हे भाषण त्याला कुठून सुचलं असेल याचा अंदाज बांधता येतो.

तो प्रसंग आता पडद्यावर दाखवतो आहोत. मागचे दिवे कुणीतरी घालवा. सवयीनं सगळे गॅरी कूपरकडे बघतील. आज जरा मिचेलकडे बघा, आणि स्तुती नेमक्या कुठल्या वाक्याला उलटली ते पकडता येतं का, तेही बघा.