दहांची गणसंख्या आणि कीर्तनाची बैठक

मराठी साहित्याचे इतिहास बेने इस्राएल समाजाच्या मराठीची दखल सहसा घेत नाहीत, आणि घेतलीच तर ती वाङ्मय म्हणून न घेता सर्वधर्मसमभावाचा नमुना म्हणून घेतात. हे सौजन्य वस्तुतः उपेक्षेचाच सभ्य प्रकार आहे, असे या अध्यक्षपीठाचे स्पष्ट मत आहे. बेने इस्राएल म्हणजे शतकानुशतके मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर राहिलेले, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे लावणारे आणि घरात मराठीच बोलणारे यहुदी. त्यांच्या सणांत, ग्रंथांत आणि कीर्तनांत जी मराठी आहे, तिच्यावर माया नको, तिची परीक्षा हवी.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांना जवळची सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरे, थेट पुण्यात आहेत: एक लष्कर भागातले, लाल विटांमुळे लाल देऊळ म्हणून ओळखले जाणारे ओहेल डेविड आणि दुसरे रास्ता पेठेतले सुक्कथ शेलोमो. तेव्हा शंभरेक किलोमीटरवरचा हा विषय इथे कशाला, असा आक्षेप निघणार हे उघड आहे. पण मोरोपंतांच्या गावात तरी तो शोभत नाही. 1794 साली बारामतीतच देह ठेवणाऱ्या या कवीच्या आर्या पोथ्यांइतक्याच कीर्तनकारांच्या मुखाने महाराष्ट्रभर गेल्या, आणि तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापूरला पोचते तेव्हा मुक्कामागणिक कीर्तन उभे राहते. हाच कीर्तनप्रकार 1880च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएलांनी हाती घेतला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडीसारख्या चालींवर बसवून ती पेटी-तबल्याच्या साथीने मराठीत उभी केली. ही उसनवारी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आर्याभारताची, म्हणजे आर्यांत रचलेल्या महाभारताची, कथा तरी पंतांची स्वतःची होती काय, याचे उत्तर द्यावे.

या समाजाचा मोठा उत्सवकाळ तिश्री महिन्यात, म्हणजे साधारण भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येतो. त्या महिन्याच्या प्रारंभी नव्या वर्षाचा सण असतो, जुन्या रिवाजाप्रमाणे चौथ्या दिवशी खिरीचा सण, आणि दहाव्या दिवशी योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा कडकडीत उपवास, ज्याला कोकणात दार फाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी कुटुंब दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून, बाहेरच्यांचा संपर्क टाळून बसत असे. दुसरा दिवस शिळा सण, भेटीगाठींचा आणि दानधर्माचा. याशिवाय नवस फेडताना किंवा मंगलकार्याच्या निमित्ताने मलिदा होतो: भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खवलेले खोबरे आणि वेलची कालवून त्याचे तबक फळांसह मांडतात आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचे स्तवन सगळे मिळून गातात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना एवढे तबक पुरते. छायाचित्र उत्तम येते, आणि खाली ‘लुप्त होत चाललेला समाज’ अशी ओळ छापली की संपादकाचे कर्तव्य संपते.

खरी अडचण मात्र त्या छायाचित्रात दिसत नाही. सामुदायिक प्रार्थनेला मिन्यान लागतो, म्हणजे परंपरेनुसार तेरा वर्षांवरील किमान दहा यहुदी पुरुष हजर असावे लागतात, त्याविना काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. आणि स्वातंत्र्योत्तर काळात बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेल्यामुळे कोकणातल्या कितीतरी सिनेगॉगांत हे दहा जमवणे हेच मोठे काम होऊन बसले आहे. ही संख्या शुभेच्छुकांनी भरून निघत नाही. हिंदूची किंवा मुसलमानाची तिथे कितीही सदिच्छा असली तरी गणती होत नाही, आणि तशी ती होऊ नये. कीर्तनाचे तसे नाही. कीर्तनाला श्रोता लागतो, त्याचा धर्म लागत नाही. बाहेरच्या मराठी माणसाला हक्काने बसता येईल अशी ही जागा रिकामी असताना तो मात्र मलिद्याच्या तबकाभोवती घोटाळतो, याला काय म्हणावे!

ग्रंथांच्या बाबतीत तर अज्ञानाला सबबही उरत नाही. पेसाह, म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेचा सण, त्या रात्री घरोघर वाचल्या जाणाऱ्या हगादा या ग्रंथाची मराठी आवृत्ती 1846 साली मुंबईत आणि दुसरी 1874 साली खुद्द पुण्यात निघाली. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकर करताना दाखवल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यावर व्याख्याने झोडणाऱ्या किती प्राध्यापकांनी ही प्रत उघडली आहे? इस्रायलमध्ये 1960च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने विवाहाच्या प्रश्नावरून या लोकांच्या यहुदीपणाबद्दल शंका घेतली, तेव्हा त्यांनी निदर्शने केली आणि 1964 साली तिथल्या संसदेला ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर करावे लागले. इकडे त्यांच्या मराठीपणाबद्दल कुणी उघड शंका घेत नाही, नुसते यादीतून नाव गाळते. त्यामुळे निदर्शने करायलाही जागा राहत नाही. तिकडे जाऊनही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले, हे इथल्या किती वाचनालयांना ठाऊक आहे, ही चौकशी आजच्या सभेतल्या ग्रंथपालांनीच करावी.

म्हणून या सभेपुढे ठराव एवढाच आहे की, पुढील वर्षाच्या व्याख्यानमालेत सौहार्दावरचे भाषण न ठेवता बेने इस्राएल कीर्तनकारांचे एक पूर्ण आख्यान बारामतीत आणि एक इंदापुरात ठेवावे, आणि नंतर त्यावर चोख समीक्षा व्हावी, रचना फसली असेल तर तसे म्हणण्यासकट. हे कार्यक्रम तिश्रीचे सण टाळून ठरवावेत. व्याख्यानमालेला शनिवार सोयीचा वाटत असला तरी शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस असतो, त्यात प्रवास आणि वाद्यवादन दोन्ही वर्ज्य आहेत. पूर्वी तेल गाळण्याचा धंदा करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या समाजाला कोकणातले निरक्षर शेजारीसुद्धा शनवार तेली म्हणून ओळखत होते, तेव्हा साक्षर कार्यकारिणीने रविवारचे सभागृह राखून ठेवणे अवघड जाऊ नये.