दात काढण्याआधी

आज आमच्या बचत गटाच्या वहीतल्या एका नोंदीबद्दल बोलायचं आहे. नोंद अशी : 'दाताच्या उपचारासाठी अंतर्गत कर्ज, तीन हजार रुपये.' हे कर्ज आम्ही सगळ्याजणींनी बैठकीत हात वर करून मंजूर केलं होतं. त्या पैशातून आमच्या एका काकींचे दोन चांगले दात निघाले.

काकींनी हे सांगायला परवानगी दिली आहे, नाव मात्र सांगणार नाही. त्यांच्या उजव्या गालात कळ यायची. आधी त्यांनी मिश्री दाबून बघितली. (मिश्रीनं दाढ बरी होत नाही, हे कितीदा सांगितलं तरी आपल्याकडं पहिला हात मिश्रीच्या डबीकडंच जातो.) मग दाढ काढली. आठ दिवस बरं वाटलं, आणि कळ पुन्हा तिथंच. शेजारचा दात काढला, तरी तेच. घरी कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं कामं टाळायला नाटक करते. काकी तोंड धुवायच्या नाहीत, पदर गालाला लागू द्यायच्या नाहीत, भाकरी दुधात कुस्करून डाव्या बाजूनं गिळायच्या. बैठकीत गप्प बसायच्या. आम्हाला वाटलं, हप्ता थकला म्हणून तोंड लपवतात. याची आम्हाला अजून लाज वाटते.

एकदा आशाताई घरी गेल्या आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला, "काकी, कळ किती वेळ टिकतीया?"

"टिकतीया कुठली! करंट बसल्यागत येतीया आन् जातीया. पर तोंडावर पाणी मारलं की परत."

एवढ्यावरून आशाताईंनी त्यांना आपल्या सीपीआरला नेलं. तिथं आजाराचं नाव कळलं : ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. सोप्या भाषेत, चेहऱ्याच्या नसेचा आजार. वर्षाला लाखात साधारण चार ते तेरा जणांना नव्यानं होतो. म्हणजे दुर्मीळच, पण पन्नाशीनंतर जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. नट सलमान खानलाही हाच आजार होता. त्यानं 2011 साली अमेरिकेत जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली.

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला या नसेच्या तीन फांद्या असतात : एक कपाळ-डोळ्याकडं, एक गाल आणि वरच्या जबड्याकडं, एक खालच्या जबड्याकडं. दातांना जाणिवा याच नसेतून मिळतात. म्हणून दुखणं नसेचं असलं तरी माणूस दातावरच बोट ठेवतो. बहुतेक वेळा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी नसेवर टेकलेली असते. तिथं नसेचं आवरण झिजतं आणि वारा लागला, घास चावला, दात घासले, नुसतं बोललं तरी कळ उठते. ती काही सेकंद, फार तर दोन मिनिटं टिकते. एकाच बाजूला येते. किडलेली दाढ तशी नसते. ती तासन् तास ठणकते, रात्री झोपू देत नाही, गरम-गार लागल्यावर कळ रेंगाळते, हिरडी सुजते. दातांच्या डॉक्टरांना दाखवायचंच, एक्स-रेही काढायचा. पण एक्स-रेमध्ये दात चांगला दिसत असेल तर काढायची घाई करायची नाही.

साध्या दुखण्याच्या गोळ्यांचा इथं उपयोग होत नाही. काकींना कार्बामाझेपीन दिलं, थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत. आठवड्याभरात त्या भाकरी चावायला लागल्या. मग घोटाळा झाला. मेडिकलवाला म्हणाला, "ही फिटची गोळी आहे." तो खोटं बोलला नाही, हे औषध फिटवरही देतात. पण घरात लेकीच्या लग्नाची बोलणी चालली होती, त्यामुळं सगळे हादरले. गोळ्या डब्यात गेल्या. दोन दिवसांत कळ परत आली. शेवटी आम्ही चौघीजणी जाऊन त्यांच्या सासूबाईंना समजावून आलो, की गोळी फिटची असली तरी काकींना फिट येत नाही.

या गोळीनं सुरुवातीला चक्कर आणि झोप येते. रक्त तपासत राहावं लागतं, अंगातलं मीठ कमी होऊ शकतं. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जायचं. एरवी मनानं गोळी बंद करायची नाही. वय कमी असेल, दोन्ही बाजूंना दुखत असेल किंवा गाल बधिर झाला असेल तर डॉक्टर एमआरआय आवर्जून सांगतात, कारण क्वचित गाठ किंवा दुसरा आजार निघतो. गोळ्या पुरेनाशा झाल्या तर कानामागून शस्त्रक्रिया करून नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये छोटी गादी ठेवतात. वय फार असेल तर सुईनं नस बोथट करण्याचेही उपाय आहेत.

काकींचं कर्ज फिटलं. थंडीत गालावर मफलर असतो, पण बैठकीत बोलतात आता.

गटानंही एक बदल केला. दात काढायला कुणी कर्ज मागितलं की आधी विचारतो : कळ किती वेळ टिकते, कशानं उठते, एक्स-रे काढला का? मागच्या महिन्यात एकीला हे सगळं विचारलं. ती वैतागली, आणि तिनं एक्स-रे पुढ्यात ठेवला. दाढ खरंच किडलेली होती. कर्ज लगेच मंजूर केलं.