पाळी चुकल्यानंतरचे पाच आठवडे

उपकेंद्रांपासून महापालिकेच्या रुग्णालयांपर्यंत काम करणाऱ्या परिचारिका, आशाताई, समुपदेशक, डॉक्टर आणि संस्थाचालक मित्रहो,

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पोटच्या अर्भकाचा जीव घेतल्याबद्दल पुण्यातल्या एका ब्राह्मण विधवेला अंदमानची सजा झाली होती. अशा बाईला त्या काळी विहीर जवळ करावी लागे, कुणा सुईणीच्या हाती जीव सोपवावा लागे किंवा जन्मलेल्या बाळाच्या गळ्यावर हात ठेवावा लागे. फुले दांपत्याने शहरात जाहिरात लावली. विधवा बाईने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल बरोबर न्यायचे की गृहात ठेवायचे ते तिच्या खुशीवर, असा त्या जाहिरातीचा आशय होता. बाळंतपणाची सोय करणारे दयाळू लोक तेव्हाही कुठे कुठे असतील. पण निर्णय बाईचा, हे भिंतीवर जाहीर लिहिणे ही त्या दोघांची हिंमत होती. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर यशवंत झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या बरोबरीने रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. पंढरपुरातही १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांनी असेच गृह उभे केले. तरीही १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी फाशी सुनावली गेली. त्यावर वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीलाच आरोपी केले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहून त्या गर्भातला पुरुषाचा वाटा कुठे गेला, हे विचारले.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण ती जाहिरात आहे. कुठे जायचे, तिथे काय मिळेल आणि ठरवणार कोण, या तिन्ही गोष्टी तिच्यात होत्या. आज कायदे आहेत, औषधे आहेत, योजना आहेत, संस्था आहेत. पण पाळी चुकल्यावर घाबरलेल्या बाईला या तीन गोष्टी एका जागी, एका माणसाकडून आणि वेळेत कळत नाहीत. या क्षेत्रातले बहुतेक अनर्थ त्या उशिरातून होतात.

उशीर कसा होतो ते पाहावे. गरोदरपणाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशीच साधारण चार आठवडे भरलेले असतात. बाईला वाटते, दोन दिवस वर गेले, पुष्कळ वेळ आहे. मग थोडे थांबणे, कुणा मैत्रिणीचा काढा, मग दुकानातून आणलेली पट्टी, मग नवऱ्याला सांगावे की नाही याचा घोर. देशातल्या नियमांप्रमाणे गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत देता येतात. म्हणजे हाती उरतात जेमतेम पाच आठवडे, आणि त्यातले दोन-तीन घाबरण्यातच जातात. नंतरही मार्ग आहे. बारा आठवड्यांपर्यंत हाताने चालवायच्या पंपाने गर्भाशय रिकामे करण्याची साधी पद्धत आहे. जुन्या क्युरेटिंगऐवजी हीच वापरावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण दर आठवड्याला खर्च वाढतो, जोखीम वाढते आणि हे करणारे दवाखाने कमी होत जातात.

‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अभ्यासाने २०१५ सालात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज बांधला. त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टोल ही औषधे योग्य वेळी, योग्य प्रमाणात घेतली तर सुरक्षित आहेत. धोका एकटेपणाचा आहे. चिठ्ठीशिवाय, कुणाच्या तरी हातून गोळ्या आणवणाऱ्या बाईला किती आठवडे झाले हे कुणी विचारलेले नसते. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि जीव धोक्यात येतो, हे तिला ठाऊक नसते. तासाला दोन मोठे पॅड भिजावेत असा रक्तस्राव सलग दोन तास झाला, ताप उतरेना किंवा पोटात एका बाजूला असह्य दुखू लागले, तर तडक रुग्णालय गाठायचे, हे तिला कुणी सांगितलेले नसते. अत्याचारानंतर किंवा निरोध फाटल्यावर ७२ तासांत घ्यायची गोळी वेगळी आणि ही वेगळी, एवढा फरकही पुष्कळ शिकलेल्या मुलींना माहीत नसतो. पहिली गोळी गर्भ राहू नये म्हणून असते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही.

कायद्याबद्दल आपल्या क्षेत्रातही फार धूसर समज आहे. १९६४ साली शांतिलाल शाह समिती नेमली गेली, १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते. ही मुभा अत्याचारपीडित, अल्पवयीन, अपंग किंवा मनोरुग्ण स्त्रिया, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या आणि आपत्तीत सापडलेल्या स्त्रिया यांना आहे, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तरही आहे. चोवीसच्या पुढे गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. यामागे मुंबईचाही एक धागा आहे. २००८ साली एका जोडप्याने डॉ. निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात धाव घेतली होती, कारण गर्भाच्या हृदयातला दोष विसाव्या आठवड्यानंतर कळला होता. परवानगी मिळाली नाही, पण मुदतीचा प्रश्न तेव्हापासून देशासमोर राहिला.

गर्भनिरोधक साधन निकामी झाले, हे कारण पूर्वी फक्त विवाहितेला सांगता येई. २०२१ पासून ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांची मुभा अविवाहितेलाही आहे, असे सांगितले आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच धरला. मुंबई उच्च न्यायालयाने तर २०१६ सालीच तुरुंगातल्या गरोदर स्त्रियांच्या प्रकरणात बाईच्या शरीराचा निर्णय तिचा, मग तिचे लग्न झालेले असो वा नसो, असा निर्वाळा दिला होता.

इतके असूनही रुग्णालयांच्या खिडकीवर अजून नवऱ्याची सही मागितली जाते. कायद्यात ती कुठेही नाही. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते आणि पोक्सोखाली पोलिसांना कळवावेही लागते. पण मुलीने आणि पालकाने विनंती केली तर त्या खबरीत तिचे नाव देण्याची डॉक्टरवर सक्ती नाही, हेही २०२२ च्याच निकालात आहे. हे माहीत नसल्याने डॉक्टर मुलीला परत पाठवतात आणि ती सातव्या महिन्यात पुन्हा येते. बाईचे नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रत्येक केसपेपरच्या टेबलावर हे लिहून ठेवण्यासारखे आहे.

दुसरा गोंधळ महाराष्ट्रात अधिकच आहे. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात प्रथम या राज्याने १९८८ मध्ये केला, त्याचा अभिमान आहेच. परंतु लिंग तपासणे गुन्हा आणि गर्भपात कायदेशीर, या दोन गोष्टी फलकांवर एकमेकींत मिसळल्या. त्यामुळे औषधविक्रेते गोळ्या ठेवायला बिचकतात, डॉक्टर चौकशीला भितात आणि लिंगाशी काहीही संबंध नसलेली सात आठवड्यांची गरोदर बाई दारोदार फिरते.

ती बाई कोण असते, हेही स्पष्ट बोलायला हवे. चर्चा कॉलेजातल्या मुलीची होते. पण रांगेत उभी असते ती बहुतेक वेळा दोन मुलांची आई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के होते. ऑपरेशन होईपर्यंत अंगावर दुसरे साधन नाही आणि घरात नकाराला किंमत नाही, अशा संसारात दिवस जातात. र. धों. कर्वे आणि मालतीबाईंनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते याच बाईसाठी. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने मार खाणारी बाई आणि नको असलेले गरोदरपण यांचा संबंध रुग्णालयातच ओळखायला शिकवले. पुन्हा पुन्हा गर्भपाताला येणाऱ्या बाईला रागावणाऱ्या सिस्टरने तिला एकदा बाजूला घेऊन घरचे विचारावे.

पर्याय म्हणजे केवळ गर्भपात, असे समजणाराही बाईवर अन्याय करतो. २००९ साली चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहातल्या मतिमंद तरुणीचा गर्भ काढण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता. तिला मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश थांबवला आणि मूल होऊ देणे किंवा न देणे, दोन्ही तिच्या व्यक्तिस्वातंत्र्यात येते, असे म्हटले. मूल वाढवू पाहणाऱ्या एकट्या आईच्या बाजूने त्याच न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे. वडिलांचे नाव न सांगता ती पालक होऊ शकते आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला मिळायला हवा. सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत आहे. एकल पालकाच्या मुलाला बालसंगोपन योजनेतून महिन्याला मदत मिळते. नोकरदार बाईला सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा लग्नाच्या अटीविना आहे. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा देण्याची तरतूदही १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने केली, पण ती मागणारी बाई विरळाच. घरकाम करणारी आणि ऊसतोडीला जाणारी बाई या रजेच्या बाहेरच राहते, हे मात्र आपण नुसते नोंदवून पुढे जाऊ नये.

तिसरा मार्ग बाळ दत्तक देण्याचा. बाल न्याय कायद्याप्रमाणे आई बाल कल्याण समितीपुढे बाळ सोपवते. त्याआधी समुपदेशन होते आणि नंतर दोन महिने फेरविचारासाठी मिळतात. अविवाहित आईची एकटीची सही चालते, नाव गुप्त राहते. पुण्यात ससूनच्या आवारातले ‘श्रीवत्स’ आणि भारतीय समाज सेवा केंद्र, मुंबईत श्रद्धानंद महिलाश्रम, गोव्यात मातृछाया यांसारख्या संस्था हे काम करत आल्या आहेत. ज्या बाईला हा रस्ता कुणी सांगत नाही ती बाळ कचराकुंडीजवळ ठेवते आणि गुन्हेगार ठरते. आणि जी आई दोन महिन्यांत परत येते, तिला ‘आता कशाला आलीस’ असे कुणीही म्हणू नये. परत येणे हा तिचा हक्क आहे.

या अधिवेशनापुढे एकच मागणी ठेवायची आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, सिव्हिलच्या बाह्यरुग्ण विभागात, महाविद्यालयाच्या आणि साखर कारखान्याच्या दवाखान्यात मराठीत एक फलक लागावा. त्यावर जवळच्या मान्यताप्राप्त गर्भपात केंद्राचे नाव आणि वार, आठवड्यांची मुदत, नवऱ्याची सही लागत नाही हे वाक्य, जिल्ह्याचे सखी केंद्र, बाल कल्याण समितीचा पत्ता आणि १८१, १०९८, १०४ हे क्रमांक असावेत. फलकाखाली एका माणसाचे नाव हवे, आणि दार लावून अर्धा तास ऐकून घेण्याचे प्रशिक्षण त्या माणसाला मिळालेले हवे. ठरावाचा मसुदा सगळ्यांना वाटला आहे. दुपारच्या सत्रात जिल्हावार गट बसतील, तेव्हा आपापल्या तालुक्यातले कोणते केंद्र खरोखर चालू आहे आणि कोणते फक्त कागदावर आहे, ते त्यात भरून द्यावे.