पंपाचं इंजिन, विमानाचं इंजिन

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, तू आयटीवाली, एआयवर वीस मिनिटं बोल. मी म्हटलं, एआयवर रोज कोणी ना कोणी बोलतंच आहे, मी माझ्या छंदावर बोलते. छंद कोणता, तर रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांचा, आणि त्यातही त्यांना लागणारं पेट्रोलचं इंजिन निवडण्याचा आणि बसवण्याचा. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, "बरं. पण तुले जेवनाच्या आधी घेतो. नंतर घेतलं तर हॉलमध्ये कोनी नाई रायनार."

तर तुम्ही उपाशी आहात हे लक्षात ठेवून बोलते.

हे इंजिन तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. इथे निम्म्याहून जास्त जणांच्या घरी कापूस होता. पाठीवरचा फवारणीचा पेट्रोल पंप आठवा. दोरी ओढून सुरू होणारा, गल्लीच्या तोंडाशी आला की घरात कळायचं. त्याचं इंजिन साधारण ३५ सीसीचं, टू-स्ट्रोक. माझ्या विमानात आज ३० सीसीचं आहे. दोघं एकाच कुळातले, एक शेतात राहिला, एक उडायला गेला.

आमचं शेत मूर्तिजापूरजवळ. मी शाळेसाठी अमरावतीला आत्याकडे राहायचे हे तुम्हाला माहीत आहे. १९९४ साली, आपण नववीत होतो, महालक्ष्म्यांच्या सुट्टीत मी गावी गेले होते. त्याच वर्षी शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन बंद होऊन डिझेलचं आलं होतं आणि गावात सगळे इंजिनांवरच बोलत होते. तेव्हा बीटी कपाशी नव्हती, ती २००२ साली आली. बोंडअळी आली की फवारणी, आणि ती वेळेवर. बाबा म्हणाले, पंपात पेट्रोल भरून ठेव, गडी येतोच आहे. मी भरलं. ऑइल टाकायला विसरले.

दहा-पंधरा मिनिटं पंप चालला असेल. मग किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि बंद. दोरी ओढली तर हलेना.

अकोल्याला माझ्या मामांचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. बाबा पंप घेऊन निघाले, मीही सोबत. मामांनी सिलिंडर उघडला, पिस्टनवरच्या उभ्या रेघा पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. बाबांना त्यांनी चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, "ऑइल टाकलं होतं का वं?" मी नुसती मान हलवली. बाबा परत आले तेव्हा मामा त्यांना सांगत होते, "पंप जुना झाला भाऊजी, रिंगा गेल्या."

पिस्टन नागपूरहून यायला चार दिवस लागले. अळी चार दिवस थांबत नाही. त्या वर्षी आमच्याकडे कापूस कमी निघाला. त्यातला किती अळीमुळे आणि किती माझ्यामुळे, हा हिशोब घरात कोणी केला नाही. मी पुष्कळदा केला. बाबांना हे मी अजून सांगितलेलं नाही. ते ऐंशीच्या घरात आहेत आणि छापलेलं सगळं वाचतात, म्हणजे ही स्मरणिका घरी पोचली की त्यांना कळेल.

त्या चार दिवसांत मामांनी मला जे शिकवलं ते पुढे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतही इतकं नीट कोणी सांगितलं नाही. "गाडीच्या इंजिनाले खाली ऑइलचा डबा रायते. याले नाई. हे पेट्रोलासोबतच ऑइल पेते. नाई देलं तर मरते." पिस्टन अॅल्युमिनियमचा, तो सिलिंडरपेक्षा लवकर फुगतो. मधे ऑइलचा पापुद्रा नसेल तर तो भिंतीला चिकटतो. बस, एवढंच.

मी कॉम्प्युटर घेतलं, पुण्याला नोकरी लागली, वीस वर्षं स्क्रीनसमोर गेली. विमानं नंतर आली. आधी थर्मोकोलसारख्या फोमची, बॅटरीवरची. मग मोठं विमान हवंसं वाटलं आणि मोठ्या विमानाला पेट्रोल परवडतं.

पूर्वी या छंदात दोन प्रकारची इंजिनं जास्त असायची. एक 'डिझेल', म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेल यांच्या मिश्रणावर चालणारं. कोलकात्यात बनणारी 'अरोरा' इंजिनं आपल्याकडे खूप जणांनी वापरली. दुसरं ग्लो इंजिन, मेथॅनॉलवर चालणारं. अमेरिकेत १९४७ साली रे आर्डन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि स्पार्कची जड कॉइल-बॅटरी मागे पडली. पण मेथॅनॉल आणि त्यात लागणारं नायट्रोमिथेन शोधत कुठे फिरायचं? पेट्रोल बडनेरा रोडवरही मिळतं. लाकूड कापायच्या करवतीची इंजिनं विमानांवर बसवायला लोकांनी सुरुवात केली आणि पेट्रोल परत आलं. आता विमानासाठीच बनवलेली इंजिनं मिळतात. जपानची झेनोआ, चीनची डीएलई, अमेरिकेची डेझर्ट एअरक्राफ्ट.

मग मामांच्या दुकानातलं पंपाचंच इंजिन का नाही बसवलं, असं तुम्ही विचाराल. बसवून पाहिलं. मामांच्या भंगारातलं एक आणलं, महिनाभर खपले. पहिली अडचण वजनाची. त्याचं चुंबकाचं चाक, थंड करायचा पंखा, पत्र्याची टोपी, हे सगळं मिळून फार जड. विमानाच्या ३० सीसी इंजिनाचं वजन किलोभराच्या आसपास असतं. दुसरी अडचण जास्त मोठी आणि ती माझ्या लक्षात उशिरा आली. पाठीवरच्या पंपात पुष्कळदा वाटीचा कार्बोरेटर असतो, आत पेट्रोल साठून तरंगी वर-खाली होणारा. फवारणारा माणूस उभाच चालतो, कोलांटी मारत नाही. विमान मारतं. उलटं झालं की वाटीतलं पेट्रोल भलतीकडे आणि इंजिन बंद. करवतीच्या इंजिनात पातळ पडद्याचा कार्बोरेटर असतो, तो आडवा, उभा, उलटा कसाही चालतो. वॉलब्रो हे त्यातलं प्रसिद्ध नाव. विमानाला तोच लागतो.

निवडताना लोक इंजिनापासून सुरुवात करतात. ते चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आधी विमान ठरवा, पेट्रोलशिवाय ते किती भरेल ते काट्यावर बघा. साधारण पाच किलोच्या विमानाला २० सीसी, सहा-सात किलोला ३०, आठ-नऊ किलोला ५० ते ५५. जास्त मोठं बसवलं तर नाक जड होतं, मग शेपटीत शिसं घालायचं, म्हणजे वजन आणखी वाढलं. लग्नात मोठा मांडव घातला म्हणून पाहुणे वाढवल्यासारखं.

पंखा इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितला असेल तोच घ्या. माझ्या इंजिनाला १८ इंची चालतो, चाल ८ इंच. इथे एक हिशोब सांगते, आपल्या गणिताच्या सरांना आवडेल. १८ इंची पंखा मिनिटाला ७५०० फेऱ्यांनी फिरला तर त्याच्या टोकाचा वेग ताशी साडेसहाशे किलोमीटर होतो. हे माझं उजवं तर्जनीचं पेर. तीन टाके. इंजिन तेव्हा चालूसुद्धा नव्हतं, नुसता स्पार्क चालू राहिला होता आणि मी पंखा हाताने फिरवून बघत होते. एक ठिणगी पुरली. तेव्हापासून स्पार्कच्या बॅटरीला बाहेर दिसेल असं वेगळं बटण आणि शेजारी लाल दिवा. जाड हातमोजा, आणि शेपूट धरायला दुसरा माणूस. माणूस नसेल तर इंजिन सुरू करत नाही.

बसवताना ज्या चुका होतात त्यातल्या बहुतेक नळ्यांच्या. ग्लो इंजिनाची सिलिकॉनची नळी पेट्रोलात फुगून मऊ होते, टाकीचं बूचही पेट्रोल चालणारंच हवं. थ्रॉटलचा दांडा प्लॅस्टिकचा असावा, धातूवर धातू घासला की रेडिओला त्रास होतो. पुढच्या प्लायवूडच्या भिंतीवर बोल्ट घट्ट बसवून त्यांना लॉकटाइट लावा, एका सिलिंडरचं इंजिन फार थरथरतं. आणि हवा. हवा आत यायला जेवढी जागा ठेवाल त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा बाहेर जायला द्या. बाहेर जाणारी हवा गरम होऊन फुगलेली असते. थंड देशातली चित्रं बघून बनवलेलं नाक आपल्या उन्हात टिकत नाही.

ऑइल. हो, ऑइल. माझ्या इंजिनाला ३० ला १, म्हणजे लिटरला ३३ मिली. मी मिश्रणाच्या कॅनवर लाल रिबन बांधते आणि साधं पेट्रोल घरात ठेवतच नाही.

पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचा पडदा कडक होतो. घरी तपासता येतं. खुणांच्या काचेच्या नळीत १०० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर २० वरून ४० च्या आसपास जातो. (बाहेर, मोकळ्या हवेत करा, स्वयंपाकघरात नाही.) इलाज साधा आहे, उडवून झालं की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं जाळून टाका. फवारणीचा पंप दिवाळीनंतर भरलेला ठेवून देणाऱ्यांनाही हेच सांगणं.

आता सुया. कार्बोरेटरला दोन स्क्रू असतात, एक हळू चालीचा, एक पूर्ण वेगाचा. दोन्ही बंद करून दीड-दीड फेरी उघडा, ही सुरुवात. इंजिन दोन मिनिटं गरम करा. आधी हळू चालीचा स्क्रू लावा. थ्रॉटल झटकन उघडल्यावर इंजिन अडखळून मरत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, आठवा हिस्सा उघडा. फुर्रफुर्र करत धूर सोडत असेल तर जास्त आहे. मग पूर्ण वेग. फेऱ्या मोजायच्या यंत्राने सगळ्यात जास्त फेऱ्या येतील तिथे आणा आणि तिथून परत उघडा, दोनेकशे फेऱ्या कमी होईपर्यंत. हे मनाला पटत नाही. जास्तीत जास्त वेग मिळतोय तर तो सोडायचा कशाला? पण त्या टोकावर पेट्रोल कमी असतं, म्हणजे ऑइलही कमी आणि उष्णता जास्त. शेवटी नाक वर करून धरा. आवाज बसला तर आणखी थोडं उघडा. एका वेळी एकच स्क्रू फिरवा आणि वहीत लिहा. हे एवढंच मी सॉफ्टवेअरमधून इथे आणलं.

मी हे सगळं बरोबर केलं, तरी २०१८ साली विमान घालवलं. मे महिन्यात सुट्टीला आले असताना गावी सुया लावल्या, ४५ डिग्रीत. उत्तम चाललं. डिसेंबरात सकाळी त्याच सुयांवर उडवलं, पारा १० च्या खाली. ४५ डिग्रीची हवा १५ डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण ९ टक्क्यांनी विरळ असते. उन्हाळ्यात विरळ हवेला पुरलेलं पेट्रोल हिवाळ्याच्या दाट हवेला कमी पडलं. साठ मीटरवर इंजिन थांबलं आणि विमान तुरीत गेलं. पंख, चाकं, सगळं काड्या झालं. इंजिन मात्र मी धडधडत्या छातीने उघडलं तर पिस्टनवर एकही रेघ नव्हती.

मामांना फोन केला. ते म्हणाले, "थंडीत सुई उघडा लागते, हे मी तुले सांगतलं नोतं का?" सांगितलं होतं. मी चौदा वर्षांची होते आणि रडत होते.

नियमांचं एका वाक्यात सांगते. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदासाठीची मॉडेलं २५ किलोपर्यंत येतात, डोळ्यांना दिसेल तिथपर्यंतच उडवायची आणि विमानतळापासून दूर. बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान येतं, अकोल्याला शिवणीची धावपट्टी आहे, म्हणून जागा नकाशावर बघूनच ठरवायची.

ती मी ठरवली आहे. आपल्या एका वर्गमित्राचं पडीत शेत आहे, दोन्हीकडून लांब. उद्या सकाळी सात वाजता तिथे विमान उडवणार आहे. थंडी आहे, सुया आज संध्याकाळीच पाव फेरी उघडून ठेवते आणि सकाळी परत बघते. शेपूट धरायला दोन माणसं लागतील. नववीत माझी सायकल धरून जी मंडळी मला पाडायची, ती सोडून कोणीही चालेल. येताना टोपी आणा, डबा आणू नका, पोह्यांची सोय केली आहे.