मास्तरणीची मे महिन्याची सुट्टी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. वर्गात मुलांपुढे बोलणे निराळे आणि जिने मला नवी सून म्हणून या गल्लीत येताना पाहिले तिच्यापुढे बोलणे निराळे. पण विषय त्यांनीच दिला, "शिक्षिका सुट्टीत काय करतात?" मग मला राहवले नाही.

"तुमचं बरं आहे बाई, महिनाभर पगारी सुट्टी!" हे मी दरवर्षी ऐकते. त्यात थोडे खरे आहे, ते मी नाकारीत नाही. पण त्या सुट्टीतून निवडणूक किंवा जनगणना असेल तर तिचे काम वजा करा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही ही कामे शिक्षकांकडेच ठेवली आहेत. मग कुरडया, पापड, लोणची, लग्नकार्ये, माहेरपणाला आलेल्या नणंदा. शेवटी हाती उरतात दुपारचे दोन तास. मी सांगणार आहे ती या दोन तासांचीच हकीकत.

सहावीच्या वर्गाला मी चौदा वर्षे अपूर्णांकांचा भागाकार शिकवीत होते. "दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा." एका वर्षी एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, भागलं तर उत्तर लहान व्हायला हवं ना? मग हे मोठं कसं आलं?" मी म्हटले, "नियम पाठ कर. बस खाली." ती बसली, आणि वर्ष संपेपर्यंत तिने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. उत्तर मलाच येत नव्हते. हे तिलाही कळले असावे, याची मला अधिक लाज वाटते.

त्या मे महिन्यात तीन शाळांतल्या आम्ही पाच जणींनी दुपारी दोन ते चार एकत्र बसायचे ठरवले. मंडळाने हीच खोली दिली आणि भाडे घेतले नाही. नियम एकच होता : जे आपल्याला स्वतःला समजलेले नाही ते घेऊन यायचे. पहिले दोन दिवस सगळ्या जणी आपापले उत्तम येणारे पाठच घेऊन आल्या! तिसऱ्या दिवशी मी धीर करून त्या मुलीची गोष्ट सांगितली. कोणी हसले नाही. उलट दोघी म्हणाल्या, "आम्हीही पाठच करून घेतो."

मग मंडळाच्या स्वयंपाकघरातून पाव लिटरचे माप आणले. तीनला पावाने भागायचे म्हणजे तीन लिटरांत पावाचे माप किती वेळा भरते ते पाहायचे. एका लिटरात चार वेळा, तिनांत बारा वेळा. म्हणून उत्तर मोठे! पुढे पाऊण लिटरचे माप घेतले. एका लिटरात ते एकदा पुरते भरते आणि पाव लिटर उरते. तो पाव म्हणजे पाऊणचा तिसरा हिस्सा. एक आणि एक तृतीयांश, म्हणजे चार तृतीयांश. तीन चतुर्थांश आपोआप उलटे झाले होते! भजनाला लवकर आलेल्या एक आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "अगं, चार पाऊण म्हणजे तीन, हे आम्हाला पाऊणकीतच पाठ होतं." त्या दिवसापासून आजी रोज लवकर येऊ लागल्या.

दुसऱ्या एकीच्या पहिलीच्या वर्गात घरी गोरमाटी बोलणारी तीन मुले होती. ती त्यांच्या आईकडून रोजच्या वापरातले शब्द वहीत उतरवून घेऊ लागली. मुले गप्प का बसतात, हे तिला त्या वहीने शिकवले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. शिबिरे होतात, मोबाईलवरही पाठ मिळतात, आणि त्यांतले काही उपयोगी असतात. पण भरल्या सभागृहात "मला हे येत नाही" असे कोण म्हणणार? ते म्हणायला चार ओळखीची माणसेच लागतात. ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी राबलेल्या अनुताई वाघ यांनी काम करता करता पन्नाशीच्या सुमारास बी. ए. केले. शिकवणाऱ्या बाईने शिकत राहण्यात कमीपणा नाही, हे त्यांच्याकडून घ्यावे.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी त्या मुलीला गाठले आणि म्हटले, "तुझा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत नव्हते, आता येते." ती म्हणाली, "पण बाई, मला आता नियम पाठ झालाय." मला काय बोलावे ते सुचेना. तरी मी तिला माप दाखवले. तिने दोनदा पाणी ओतून पाहिले, काही बोलली नाही. आठवड्याने मात्र मधल्या सुट्टीत वहीत भलताच एक प्रश्न घेऊन माझ्याकडे आली.

भगिनींनो, आपल्यापैकी अनेकींच्या घरी सून किंवा लेक शिक्षिका आहे. मे महिन्यात दुपारी ती पुस्तक घेऊन बसली, तर "सुट्टीतही हेच का?" असे म्हणू नका. पापड संध्याकाळीही लाटता येतात. आणि मंडळाला विनंती एवढीच, की ही खोली यंदाही आम्हाला दुपारची उघडी मिळावी.